तू मिळवलेली सुट्टी

शैला, परवा तुझं बारावं झालं. शुक्रवार होता आणि एक मे होता. तुझी नणंद फोनवर एकेकाला सांगत होती, "बरं झालं गो, सुट्टीच्या दिवशीच आलं, सगळ्यांना जमेल." मी तिथेच ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. ही सुट्टी कुठून आली हे तिला ठाऊक नव्हतं आणि मला सांगवलं नाही. सांगायला लागले असते तर तांदूळ तसेच राहिले असते.

आज रविवार. दुपारची जेवणं उरकून घरातली सगळी पंख्याखाली आडवी झाली आहेत. मी मागच्या पडवीत बसले आहे. उद्या सकाळी कंपनीची गाडी येईल, पेणहून नागोठण्यावरून रोह्याला, नेहमीसारखी. त्याआधी तुझ्याशी बोलून घ्यायचं आहे. बाराव्याच्या जेवणात तुझ्या घरी एक गोष्ट ठरली. तू असतीस तर ती ठरली नसती असं मला वाटतं, पण खात्रीने सांगता येत नाही, आणि तेच मला आतून कुरतडतं आहे.

तू लहानपणीचा एक मे सांगायचीस तेव्हा मला हेवा वाटायचा. आमच्या जोहे गावाला तो फक्त निकालाचा दिवस. झेंडावंदन झालं की वर्गात बसायचं, बाई नाव घेतील तसं पुढे जाऊन प्रगतिपुस्तक घ्यायचं आणि घरी पळायचं. तू मात्र धरमतरच्या खाडीकडच्या बांधावरून तुझ्या बापाकडे मिठागरात जायचीस. ऐन मिठाचे दिवस, त्यांना मान वर करायला वेळ नसायचा. ते हात लुंगीला पुसून पुस्तक उघडायचे, उलटं धरायचे आणि म्हणायचे, "झाली पास." तू सांगायचीस की त्यांना एकदाही विचारावं लागलं नाही, तुझ्या चालण्यावरूनच ते ओळखायचे. कामगार दिन हा शब्द तेव्हा आपल्या दोघींच्या कानावर आलाच नव्हता. तुझे वडील, माझा गणपतीच्या कारखान्यात माती मळणारा बाप, यांना कोणी कामगार म्हटलं असतं तर त्यांनी मागे वळून पाहिलं असतं, की दुसऱ्या कोणाला हाक मारली.

आपल्याला तो शब्द कंपनीच्या फाटकावरच्या पाटीने शिकवला. ती पाटी मी अजून विसरले नाही. 'महाराष्ट्र दिन व कामगार दिनानिमित्त कंपनी बंद राहील.' पाटी बाहेर होती आणि आपण आत होतो.

त्या वर्षी रंगाच्या पावडरीचा मोठा माल जायचा होता. आदल्या दिवशी सुपरवायझर पॅकिंगच्या लाइनीवरून फिरत हळू आवाजात सांगत गेला की उद्या गाडी येईल, जिला यायचं नसेल तिने पुढेही येऊ नये. कागद नाही, सही नाही. तुझी रुपाली आठवीत होती, तिचा निकाल होता. गाडीत तू खिडकीला डोकं टेकून बसली होतीस आणि म्हणालीस, "पोरगी एकटी जाईल शाळंत. वर्गात सगळ्यांच्या आया असतील." मी म्हटलं, सगळ्यांच्या नसतील.

वीसेक बायका होतो आपण. फाटकावर मोबाइल पेटीत ठेवले, आत गेलो आणि मागे शटर खाली आलं. ते रोजच थोडं खाली यायचं, धूळ बाहेर जाऊ नये म्हणून, त्यामुळे कोणी लक्ष दिलं नाही. नंतर साखळीचा आवाज आला. मनीषा तेव्हा पोटुशी होती, तिला लघवीला जायचं होतं. संडास आवारात, शटरच्या पलीकडे. ती शटरपर्यंत जाऊन परत आली आणि म्हणाली, भाईरून कुलूप लावलंय. आपण हसलो. वॉचमन विसरला असेल म्हणालो. तू उठलीस, शटरवर थाप मारलीस, हाक दिलीस. उत्तर नाही. बंद कंपनीत माणसं दिसू नयेत म्हणून कुलूप घातलं होतं, हे तुला आमच्या आधी कळलं. तुझ्या तोंडावरून मला कळलं.

तरी आपण काम चालू ठेवलं, हे मला आजही नवल वाटतं. कुलूप लागलंय हे माहीत असून आपण पिशव्या भरत होतो, शिवत होतो. हात दुसरं काय करणार? मग दुपारी वीज गेली. एक्झॉस्टचे पंखे गरगरत थांबले आणि मशीनच्या आवाजाखाली एवढा वेळ दडलेली शांतता वर आली. वरच्या झरोक्यांतून उजेडाचे पट्टे येत होते आणि त्या पट्ट्यांत लाल पावडर तरंगताना दिसत होती. आपण रोज काय आत घेतो ते त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. पदर नाकाला लावले. पाण्याच्या कॅनचा तळ लागला. कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांचा आडोसा करून बायका एकेक करून जाऊन येत होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या. मनीषा भिंतीला टेकून बसली ती घसरतच खाली गेली.

रडणं सुरू झालं. कोणी देवाचं नाव घेत होतं, कोणी सुपरवायझरच्या आईबापाचं. मी मनीषाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तू ट्रॉलीचा दांडा काढलास, एक रिकामा लोखंडी ड्रम लोळवत शटरपाशी नेलास आणि त्याच्यावर घाव घातलास. तो आवाज छातीत शिरला. तू थांबलीस आणि आमच्याकडे वळून म्हणालीस, "रडायचं त्यांनी रडा, पण हात लावा. एकटीच्यानं हे भाईर जायचं नाय."

आळीपाळीने वाजवला आपण तो ड्रम. एकीचे हात भरले की दुसरी. बाहेर एमआयडीसीचा रस्ता ओस होता, सुट्टी होती ना. कुत्रं भुंकलं तरी आपण थांबून कान द्यायचो. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी ऐकलं ते बाजूच्या मोठ्या प्लँटच्या माणसांनी. तो प्लँट कधीच थांबत नाही, एक मेलासुद्धा नाही. त्यांची पाळी सुटली होती, बस फाटकासमोरून चालली होती, ड्रायव्हरने आवाज ऐकून बस उभी केली. निळ्या कपड्यातली माणसं आवारात उतरली. जेवायला गेलेला वॉचमन धावत आला आणि त्यांना म्हणाला, उघडायचा हुकूम नाही. एकाने त्याला बाजूला केलं आणि पहारीने कुलूप तोडलं.

शटर वर गेलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले, इतका उजेड होता. ती माणसं आपल्याकडे बघून मागे सरली. डोक्यापासून पायापर्यंत आपण लाल होतो. त्यांच्यातला एक वयस्कर माणूस तुला म्हणाला, "आज कामगार दिन हाय बाय, तुमी आत काय करताव?" तू म्हणालीस, "तुमी काय करत होता?" तो हसला आणि मग त्याचे डोळे भरले. मनीषाला त्यांच्याच बसमधून दवाखान्यात नेलं. तिचं बाळ वाचलं. परवा तो पोरगा तुझ्या अंगणात कोंबडीमागे पळत होता.

दुसऱ्या दिवशी शेठ पेढे घेऊन आला. घरातल्या घरात मिटवू म्हणाला. तुला लाइनीची मुख्य करतो म्हणाला. वीस बायकांच्या देखत तू पेढा हातात घेतलास, खाल्ला नाहीस, आणि म्हणालीस, "मुख्य नको. पुढल्या एक मेला आमी घरी पायजेत. आणि शटर कवाच पुरतं खाली यायचं नाय." शेठ हो म्हणाला. खरंच म्हणाला आणि पाळलंही. तेव्हापासून शटर कमरेवर अडतं. तेव्हापासून एक मेला आपली गाडी येत नाही. फक्त पुढच्याच आठवड्यात तुला पॅकिंगमधून काढून दळणाच्या खोलीत टाकलं, जिथे पावडर तयार होते. काढून टाकलं असतं तर तू भांडली असतीस. खोली बदलली तर कोणाशी भांडायचं?

शैला, मला तुझा राग आहे तो याच्यासाठी. किती वेळा सांगितलं तुला, सोड. माझा भाऊ जोह्याला कारखान्यात घ्यायला तयार होता. गणपती रंगवायचे, सावलीत बसायचं, बरोबर बायकांच्या गप्पा. तू म्हणायचीस की तिथे तरी एक मेला कुठे सुट्टी असते, ऐन हंगाम असतो. चेष्टा करून विषय मोडायचीस. एकदाच नीट बोललीस, नागोठण्याला गाडी बंद पडली होती आणि आपण पुलाच्या कडेला उभ्या होतो तेव्हा. "मी गेले तर शटर परत खाली येईल, वंदे." मी म्हटलं, म्हणजे तू आयुष्यभर त्या शटराला टेकू देत बसणार? आपलं ते भांडण तिथेच राहिलं. बाहेरून कुलूप काढलं आणि तू स्वतःला आत अडकवून घेतलंस, असं मला बोलायचं होतं. तेवढ्यात गाडी चालू झाली.

दुसरं भांडण दर वर्षीचं. पहिली सुट्टी मिळाली त्या एक मेला मी सकाळपासून वाळवणाला बसले होते. मिरच्या पसरल्या होत्या, गोधड्या धुतल्या होत्या, कुरडयांचा चीक शिजत होता. तू आलीस, कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस आणि विचारलंस की सुट्टी कशासाठी घेतली आपण. मी म्हटलं, घरातलं काम कोण करील, तुझा शेठ? तू तरातरा घरी गेलीस, ओट्यावर चटई टाकलीस आणि भर दुपारी, अख्ख्या आळीच्या देखत, पाय पसरून झोपलीस. येणाऱ्या जाणाऱ्या बाया विचारत होत्या, काय गो, बरं नाय का हिला? तुझ्या नवऱ्याने, भावजींनी, धरमतरच्या मालवाहू बार्जवरून येऊन स्वतःचं ताट वाढून घेतलं. संध्याकाळी उठून तू मला सांगितलंस, "कामगार दिनाला कामगार झोपला पायजे. सरकारला काय तो झेंडा लावूं दे."

मी कधी झोपले नाही. दर वर्षी वाळवण घातलं आणि दर वर्षी तुझ्या ओट्याकडे बघून चरफडले. मला वाटायचं, बाईला सुट्टी म्हणजे कंपनीतून घरच्या कामाला बदली, आणि ते मान्य करण्यात शहाणपण आहे. तुला वाटायचं, ते मान्य केलं की मग सगळंच मान्य केलं. आपल्या दोघींत कोण बरोबर हे ठरायचं होतं. परवा सकाळी तुझ्या बाराव्याचा भात शिजवताना मनात आलं की आजचा एक मेही मी चुलीपाशीच घालवला, आणि या वेळी मला चिडवायला कोणी आलं नाही.

तुझा खोकला थंडीत सुरू झाला. आधी सगळ्यांनाच असतो तसा, मग तुझा एकटीचा. गाडीत तू तोंडाला रुमाल लावून बसायचीस आणि मी खिडकी उघडायचे. डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो उजेडावर धरला, कुठे काम करता विचारलं आणि मग म्हणाले, त्याच्यामुळेच झालं असं एवढ्यावरून सांगता येणार नाही. ते खरंच बोलत असतील. पण सांगता येणार नाही या शब्दांत तुला मी अडकलेलं पाहिलं. ज्याच्याशी भांडायचं तो समोर नाही, जे झालं त्याला नाव नाही. तुझ्यासारख्या बाईला याच्याइतकी मोठी शिक्षा नव्हती.

शेवटच्या संध्याकाळी मी आले तेव्हा तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तू माझं मनगट धरलंस, मास्क थोडा सरकवलास आणि म्हणालीस, "रुपाचं..." सिस्टर आली, तिने मास्क नीट बसवला, बोलू नका म्हणाली. मी म्हटलं, उद्या बोलू. तू मान हलवलीस. पहाटे तू गेलीस.

रुपाचं काय, शैला?

परवा सगळ्या आल्या होत्या. रोह्याकडच्या पॅसेंजरने आल्या, नागोठण्याच्या एसटीने आल्या. चांगल्या साड्या नेसून. रोज एकमेकींना डोक्याला फडकं बांधलेलं बघायची सवय, त्यामुळे कोण कोण ते क्षणभर ओळखूच येईना. पंगत बसली. कोणी सुट्टीचा विषय काढला नाही, पण मनीषा वाढता वाढता थांबली आणि मला म्हणाली, "आज कंपनी चालू असती तर मला येवाला मिललं नसतं." मी मान हलवली. तेवढंच झालं तुझ्याबद्दल बोलणं. मला ते पुरेसं वाटलं.

मग सुपरवायझर आला. पांढरा शर्ट, हातात हार. तुझ्या फोटोला हार घातला, भावजींच्या शेजारी खुर्चीवर बसला आणि शेठचा निरोप दिला. शैलाताईंच्या जागेवर मुलीला घेऊ. आजकाल अशी जागा कोणाला मिळत नाही, पण शेठचं मन मोठं. भावजींनी हात जोडले. त्यांचा दोष नाही. तुझ्यामागे ते अर्धे झाले आहेत, आणि पावसाळ्यात बार्ज उभे राहतात हे तुला माहीतच आहे. हात जोडून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "वंदनावैनी, तुमी सांगा. ती तुमच्याशीच सगलं बोलायची."

सगळं बोलायचीस, एवढं सोडून. मी रुपालीकडे पाहिलं. दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. अगदी तुझी उंची घेतली आहे तिने. मी सुपरवायझरला सांगितलं की तिने बारावीची परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे, तिला नर्सिंगला जायचं आहे. तो म्हणाला, जाऊ दे की, कोण अडवतंय, जागा मात्र थांबणार नाही. तो रागाने बोलला नाही. जेवण चांगलं झालंय हेही त्याच सुरात म्हणाला.

तेव्हा रुपाली पुढे आली. तांब्या खाली ठेवला आणि त्याला विचारलं, "आईला ठेवलेलं त्याच खोलीत ठेवणार मला?"

"नाही, नाही. पॅकिंगला."

"आणि शटर?"

पंगतीतले हात थांबले. त्याने घाम पुसला. म्हणाला, ते आता उघडंच असतं, तुझ्या आईमुळेच.

"मग येते मी सोमवारपासून," ती म्हणाली.

बायकांनी माना खाली घालून जेवण पुरं केलं. मी काय बोलणार होते? नको म्हणायचं तर पुढे काय खायचं ते मला सांगता आलं पाहिजे. ये म्हणायचं तर तुझ्या फोटोकडे बघता आलं पाहिजे. मागे भांडी घासताना मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, आई तुला काही बोलली होती का. ती म्हणाली, "नाय मावशी. मी पण विचारलं नाय." थोडा वेळ राख घेऊन पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, "एक वर्षच करीन. बाबा सावरले की नर्सिंगचं बघू."

एक वर्ष. शैला, आपण दोघी पहिल्यांदा त्या गाडीत बसलो तेव्हा काय म्हणालो होतो, तुला आठवत असेल. मी तिला ते सांगितलं नाही. तिच्या हातून पातेलं घेतलं आणि विसळलं.

तुझे उपकार मानायचे तर कुठून सुरुवात करू? मनीषाचा पोरगा, कमरेवर अडलेलं शटर, वर्षातला एक दिवस. तो एक दिवस आम्हाला कुठल्या सरकारने दिला नाही, पाटीने तर नाहीच. तू ड्रम वाजवून घेतलास. आता तुझ्या पोरीलाही तो आयता मिळेल. बाकीच्या दिवसांचं काय करायचं ते तू सांगून गेली नाहीस. कदाचित तुलाही माहीत नव्हतं. कदाचित मास्कखाली तेच होतं. मी ते वाक्य रोज वेगवेगळं पुरं करून बघते. रुपाचं शिक्षण बघ. रुपाचं लग्न एवढ्यात नको. रुपाचं नाव कंपनीत लागू देऊ नकोस. प्रत्येक वेळी आवाज तुझाच येतो, आणि प्रत्येक वाक्य मी घडवलेलं असतं.

काल कामावर मी सुपरवायझरला गाठलं. सांगितलं की पोरगी माझ्या शेजारी बसेल, माझ्याच लाइनीवर, आणि तिला दळणाच्या खोलीकडे पाठवायचं झालं तर मला विचारून. तो म्हणाला, तुम्ही पण ताईंसारख्या बोलायला लागलात. मी म्हटलं, व्हय. आणि पुढची पिशवी शिवायला घेतली.

एवढंच माझ्या हातात होतं. हे पुरं नाही हे मला कळतं. तू समोर असतीस तर भांडली असतीस आणि मी म्हटलं असतं, मग तू सांग दुसरं काय करू.

आता ऊन उतरलं आहे. घरातली उठतील, चहा टाकायला हवा. सकाळी गाडी यायच्या आधी मी तुझ्या दारात येईन. इतकी वर्षं दाराशी उभं राहून तुझं नाव घेऊन हाक मारली, जिभेला तेच वळण आहे. उद्या तिथे उभं राहून मला रुपाली म्हणायचं आहे.